कोरी मोजणी

आमच्या वन्सं आयुष्यभर काय करत होत्या असं कुणी विचारलं, की मला एका शब्दात सांगता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ होत्या म्हटलं की लोक म्हणतात, म्हणजे औषधं बनवायच्या का? नाही हो. त्या काहीच बनवायच्या नाहीत. दुसऱ्यांनी जे बनवलं ते खरंच तेच आहे का, कुठं आहे आणि किती आहे, एवढंच त्या बघायच्या. तेही इतक्या बारीक जागेत, की साध्या सूक्ष्मदर्शकानंही हात टेकावेत. केसाच्या जाडीचे लाख भाग करा, त्यातला एक घ्या, असं त्यांच्या संस्थेत आलेल्या पाहुण्यांना सांगायचे. मला केसाचीच जाडी कधी मोजता आली नाही, तर त्याचा लाखावा भाग घेऊन मी काय करू?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तसं म्हणायला लावलं आणि पुढं तोंडाला तेच बसलं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. का नाही केलंत, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, राहूनच गेलं." जसं काही येताना दूध आणायचं राहिलं. त्यामुळं त्या, सासूबाई, हे आणि मी, असे चौघं एकाच घरात राहिलो. लिफ्ट वरचेवर बंद पडणारी इमारत, पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि मागच्या खोलीत वन्संची पुस्तकं. त्या पुस्तकांवरची धूळ त्या मला पुसू द्यायच्या नाहीत, आणि स्वतःही पुसायच्या नाहीत.

मी शिवणकाम करते, म्हणून त्यांच्या कामातली एकच गोष्ट मला पहिल्यापासून समजली. सुई. चांदीची बारीक तार आम्लात बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची. तार एका जागी झिजत झिजत तुटते आणि तिला टोक येतं. असं टोक, की अगदी शेवटी मोजके अणू उरतात. ती सुई पदार्थाच्या अगदी जवळ न्यायची, टेकवायची मात्र नाही, आणि वरून लेझरचा प्रकाश टाकायचा. परत येणारा प्रकाश सांगतो, खाली काय आहे ते. पडद्यावर एक रेघ उमटते, तिच्यावर उंचवटे येतात, आणि माणूस जसा चालीवरून ओळखावा तसा पदार्थ त्या उंचवट्यांवरून ओळखायचा. सांगायला सोपं आहे. करायला गेलं की बहुतेक सुया बोथट निघतात, आणि जी चांगली निघते ती दिवसभरसुद्धा टिकत नाही, चांदी काळी पडते. संस्थेत वन्संसारखी सुई कुणाला जमायची नाही. कामावर गेल्या गेल्या आधी सुया करायला बसायच्या. हातमोजे घालून, मान खाली घालून, कुणी हाक मारली तरी ओ न देता.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कोरी. काहीही मोजायच्या आधी सोन्याची स्वच्छ पट्टी घ्यायची, जिच्यावर काही ठेवलेलं नाही, आणि ती मोजायची. रेघ सपाट आली तर यंत्र शुद्ध, कामाला लागा. उंचवटा आला तर कुठंतरी घाण आहे, आधी ती शोधा. याला त्या कोरी मोजणी म्हणायच्या, घरात नुसती कोरी. संध्याकाळी त्या दारात चपला काढत असायच्या आणि सासूबाई आतून विचारायच्या, "आली का कोरी?" जेवलीस का विचारावं तसं. आली म्हणाल्या की घरात बोलणं चालू राहायचं. नाही म्हणाल्या की आम्ही ताटं वाढायचो आणि भांडी जपून ठेवायचो.

काही आलं नाही म्हणून आनंद व्हावा, असली नोकरी मी दुसरी पाहिली नाही. त्यांची निम्मी उमेदीची वर्षं घाण शोधण्यात गेली. कधी हातमोज्यांच्या आतली पावडर, कधी फरशी पुसायचं नवं द्रव, कधी शेजारच्या खोलीतल्या बाईचं अत्तर. महिनाभर खपायचं आणि शेवटी निघायचं काय, तर बाटलीचं झाकण. "इतकं खाली गेलं ना, की जग फार घाणेरडं आहे गं," त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नव्हे. थकलेलं माणूस पाय चेपत बोलतं, तशा.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना त्यांना काहीतरी दिसलं. धातूच्या कणावर एक रेणू बदलून दुसरा होतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक तिसरं रूप येतं, असं गणित सांगत होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. वन्संच्या पडद्यावर, गणितात सांगितलं होतं त्याच जागी, एक उंचवटा हळूहळू वर यायला लागला. तो फक्त वन्संनी केलेल्या सुईलाच दिसायचा. त्यांची सहकारी होती, तिला त्या पोरगी म्हणायच्या. पोरगीच्या कानशिलावर केस पांढरे झालेले, तिची स्वतःची मुलं कॉलेजात. तर या पोरगीच्या सुयांना काही दिसायचं नाही. सगळे म्हणाले, मॅडमच्या सुईचं टोकच तसं आहे. वन्संनी ते मान्य केलं. त्यांना आयुष्यात एवढा एकच अभिमान होता, तो कुणी काढून घेतला नाही, त्यांनीही तो लपवला नाही. शोधनिबंध लिहून झाला, मोठ्या मासिकाने स्वीकारला. त्या दिवशी त्यांनी घरी येताना आइस्क्रीम आणलं आणि ते वितळेपर्यंत बोलत बसल्या.

घरात तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यामागोमाग डोकंही विझत गेलं. माणसं ओळखीनाशी झाली. कोरीचं विचारणंही बंद झालं. दिवसभराचं मी बघायची, रात्री हे उठायचे, आणि सकाळ वन्संची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी एक मलम दिलं होतं. वन्सं आईला एका कुशीवर वळवायच्या, एका हाताने धरून ठेवायच्या आणि दुसऱ्या हाताने मानेपासून कमरेपर्यंत ते मलम गोल गोल चोळायच्या. अजिबात घाई नाही. उशीर झाला तरी नाही. सासूबाई त्या वेळी मांजरासारखा आवाज काढायच्या. मग वन्सं कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या आणि कामावर जायच्या.

निबंध छापायला जायच्या थोडं आधी पोरगी रजेवर गेली. एका संध्याकाळी वन्सं आल्या त्या सरळ माझ्या मशीनपाशी येऊन स्टुलावर बसल्या. पर्स खांद्यालाच.

"अगं, मी आज कोरीला माझी सुई लावली," त्या म्हणाल्या.

"मग?"

"पोरगीच्या सुया संपल्या होत्या म्हणून. उंचवटा आला. पट्टीवर काही नव्हतं, तरी आला."

मला काही कळलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी नीट सांगितलं. वन्संची चांगली सुई काही तासच टिकते, ती रिकाम्या पट्टीवर कशाला झिजवायची? म्हणून कोरी नेहमी पोरगीच्या दुय्यम सुईने मोजायची आणि खरं काम वन्संच्या सुईने करायचं. सगळेच तसं करत होते. हे मात्र मला लगेच कळलं. माझी चांगली कात्री मीही कागदाला लावत नाही.

"म्हणजे घाण तुमच्या सुईवर होती," मी म्हटलं.

"हो."

"आणि ते तिसरं रूप?"

"तेच तर," म्हणाल्या, आणि पर्स काढून मांडीवर घेतली.

मग शोध सुरू झाला. तार बदलली, आम्ल बदललं, हातमोजे बदलले, सुया ठेवायचा डबा बदलला. उंचवटा हटेना. अशात सासूबाईंना ताप आला, छातीत कफ झाला, आणि त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथं पाठीचं सगळं नर्स करायच्या, आणि वन्सं तिथूनच कामावर जायच्या. त्या दिवसांत वन्संच्या सुईने कोरी सपाट आली. संस्थेत सगळ्यांनी नव्या आम्लाच्या बाटलीला श्रेय दिलं. सासूबाई घरी आल्या आणि आठवडा जायच्या आत उंचवटा परत हजर.

मला ती सकाळ डोळ्यांसमोर आहे. सासूबाई कुशीवर वळलेल्या, पाठ उघडी. वन्सं एका हाताने त्यांना धरून उभ्या आणि दुसऱ्या हातातली ट्यूब डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचताहेत. मलमात सिलिकॉन होतं. कातडीवर थर धरून बसावं म्हणूनच घातलेलं. ते साबणाने जात नाही. केसांत बसतं, चष्म्याच्या काडीवर बसतं, बाहीवर बसतं, आणि तिथून जिथं जायचं नाही नेमकं तिथंच जातं. लेझरने सुई तापली की तिकडं सरकायचं, म्हणून उंचवटा हळूहळू वाढायचा. वन्संनी उरलेलं मलम लावून पुरं केलं. मग ट्यूब पर्समध्ये टाकली आणि संस्थेत जाऊन तिच्यातला कणभर पट्टीवर ठेवून मोजला. तोच उंचवटा, त्याच जागी.

घरी येऊन आधी हसल्या. "आईच्या पाठीचं मलम, बघ, जगातल्या मोठ्या मासिकात छापून येत होतं," म्हणाल्या, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मी पाणी आणून दिलं. 

निबंध त्यांनी मागं घेतला. संस्थेचे प्रमुख म्हणाले होते, एखादी दुरुस्तीची ओळ टाकू, एवढं काय? वन्सं म्हणाल्या, "दुरुस्ती कसली? जे पाहिलं म्हणते, ते मी पाहिलेलंच नाही." प्रमुखांना ते पटलं असावं, कारण निवृत्तीपर्यंतचे राहिलेले महिने यंत्र त्यांनी वन्संसाठी मोकळं ठेवलं. ते तिसरं रूप खरंच असेल तर स्वच्छ सुईने दाखवा. दाखवलंत तर तुमचं काम तुमच्या नावावर राहील. नाही तर एवढ्या वर्षांनंतर लोकांच्या लक्षात काय राहणार, तर मलमवाल्या बाई. हे शेवटचं प्रमुख बोलले नाहीत, ते माझं. पण वन्संना ते माहीत होतं.

अडचण एकच होती. स्वच्छ सुई हवी तर वन्संनी या घरात राहून चालणार नव्हतं. मलम आता घरभर होतं, दाराच्या कडीवर, टॉवेलांवर, माझ्या हातांवरही. संस्थेच्या आवारात पाहुण्यांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक मिळत होती. वन्सं जायला तयार नव्हत्या. मीच भांडले. "इतकी वर्षं नाहीतरी तुम्ही सकाळ तेवढी बघता, बाकी मीच बघते ना? मलम काय मला लावता येत नाही?" त्या गेल्या. कपडेसुद्धा नवे लागले. घरात शिवणारी असताना बाईला दुकानातून तयार कपडे घ्यावे लागले, कारण मी शिवले असते तर त्यांनाही मलम लागलं असतं. ते कपडे खांद्यात बसत नव्हते. मला बघवेनात.

पहिल्या आठवड्यातच कोरी सपाट आली. फोनवर त्यांचा आवाज किती वर्षांनी तरुण वाटला. आणि घरात मी सासूबाईंशी झुंजत होते. मी कुशीवर वळवायला गेले की त्या अंग ताठ करायच्या, हात झटकायच्या. तोंड ओळखत नव्हत्या, आपलं नाव सांगता येत नव्हतं, पण माझा हात पाठीला लागला की स्वच्छ म्हणायच्या, "तू नव्हे."

मला राग यायचा. कुणालाही येईल. त्यांची लघवी मी काढली, त्यांना घास मी भरवले, आणि तू नव्हे? मी हात ऊन करून बघितले, वन्संसारखं गोल गोल चोळून बघितलं. ह्यांनी करून बघितलं. पगारी बाई बोलावली, तिला तर त्या चावल्या. निम्मी पाठ राहून जायची. कमरेपाशी आधी लाल झालं, मग कातडी गेली.

"ताईला फोन कर," हे म्हणाले.

"अजिबात करायचा नाही," मी म्हटलं. "एकदा तरी त्यांचं काम पुरं होऊ दे." रोज फोनवर त्या विचारायच्या, पाठ कशी आहे? मी म्हणायची, मी बघते आहे ना, तुम्ही तुमचं बघा. यात खोटं काही नव्हतं. खरंही फार नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्या भेटायला यायच्या, पण आत यायच्या नाहीत. जिन्याच्या वर, दाराबाहेर उभ्या राहायच्या. आम्ही सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत ओढून ठेवली होती, म्हणजे दारातून दिसावं. शेजारणीला वाटलं, आमचं भांडण झालं आहे. तिला काय सांगणार, सिलिकॉन?

अशाच एका दिवशी त्या आल्या. उशीर झाला होता म्हणून मी तेव्हाच सासूबाईंचं करत होते. दार उघडं. वन्सं बाहेरून सांगत होत्या की काम रांगेला लागलं आहे, चार दिवस असेच सरळ गेले तर काय ते कळेल, आहे की नाही. मी ऐकत ऐकत सासूबाईंना वळवलं आणि त्या कण्हल्या. कमरेवरची पट्टी सुटली. 

मी वर बघितलं तर वन्सं चपला काढत होत्या.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "चार दिवस म्हणालात ना? चार दिवसांनी या. मी डॉक्टरांना बोलावलंय, औषध चालू आहे. थांबा तुम्ही."

"ट्यूब कुठंय?"

"वन्सं, ऐका माझं. या घरात पाऊल टाकलंत तर सगळं वाया जाईल."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ट्यूब दे."

त्यांनी त्या दुकानातल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. खाटेच्या कडेवर बसल्या, एका हाताने आईला धरलं, जखम सोडून दुसरा हात मानेवर ठेवला. सासूबाईंचं ताठ झालेलं अंग सैल पडलं. मी एवढे दिवस झटत होते आणि ते एका श्वासात झालं. तो मांजरासारखा आवाजही आला. मग सासूबाईंनी भिंतीकडे तोंड असतानाच विचारलं, "आली का कोरी?"

वर्षाच्या वर त्यांनी हे विचारलं नव्हतं. वन्संचा हात थांबला नाही. "आली, आई," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हे जाऊन खोलीतलं त्यांचं सामान घेऊन आले. मी दोन दिवस भांडी आपटत होते. राग नक्की कुणाचा होता, ते मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंचा असेल, मलम करणाऱ्यांचा असेल. वन्संचा नव्हता, असंही म्हणवत नाही.

ते तिसरं रूप आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी संस्थेत भाषणं झाली, पेढे वाटले गेले, आणि त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मागच्या खोलीत आहे, चालत नाही. सासूबाईंची जखम भरली, पण त्या मात्र उतरत गेल्या. वन्संच्या निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. सकाळी, मलम लावून झाल्यावर, त्याच कुशीवर. खाट दिली, चादरी दिल्या. औषधांचा डबा मी रिकामा केला. सकाळी वन्सं अजूनही ठरल्या वेळी उठतात आणि पुढच्या खोलीत येऊन उभ्या राहतात, मग त्यांच्या लक्षात येतं.

परवा दुपारी पोरगीचा फोन आला. मी मशीनवर होते, वन्सं माझ्या शेजारी बसून चुकलेली शिवण उसवत होत्या. तेवढं काम त्या हल्ली मला करू लागतात. पोरगीचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. वन्संच्या शेवटच्या महिन्यांत मलम पुन्हा यंत्रात गेलं होतं आणि फार खोलवर गेलं होतं, ती सांगत होती. भाग सुटे करून धुतले, काही बदलले, महिनेच्या महिने गेले. "पण आज झालं, मॅडम. तुम्ही शिकवलं तशी सुई केली आणि तिनंच कोरी घेतली. सपाट आली. पार सपाट. मलमाचा कुठं मागमूस नाही."

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या. पोरगी आणखी काहीबाही बोलली. वन्सं हो, हो म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मशीन थांबवलं. त्यांनी उसवायचं कापड मांडीवरून उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ती ट्यूब टाकून दिलीस का?"

टाकली नव्हती. माझ्या टाचा फुटतात, म्हणून शेवटची एक मी ठेवून घेतली होती. आणून दिली. ती जवळजवळ संपलेली होती, शेपटाकडून गुंडाळत आणावी लागली. त्यांनी थोडं मलम डाव्या हाताच्या पाठीवर घेतलं आणि उजव्या तळव्याने चोळायला लागल्या. गोल गोल. अजिबात घाई न करता. मी बघत बसले. हात चकचकीत झाला, मग कोरडा दिसायला लागला, तरी त्या चोळतच होत्या.

"वन्सं, जिरलं ते," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.